आरशाखालचे ओरखडे

लेकीचं बाळंतपण आमच्याकडे, परभणीत होतं. पूर्णेच्या व्याह्यांनी त्यासाठी आपली गाडी आमच्या दारात आणून उभी केली. "आमची सून रिक्षात बसणार न्हाई. बारशाला येऊ तवा गाडी घेऊन जाऊ." ते एका पतसंस्थेचे अध्यक्ष आहेत. गाडीच्या काचेमागे पदाची पाटी आहे, आणि ती पुसायला वेगळं फडकं.

दसऱ्याला मी त्या गाडीची पूजा केली. बाजूच्या आरशाला झेंडूचा हार बांधताना दोरा तुटला, म्हणून घरातली बारीक तार घेतली. तसाच सोनं द्यायला सोनपेठला जाऊन आलो. वाटेत फुलं गळाली, तार राहिली. परत येऊन पाहतो तर आरशाच्या बुडाशी आणि दाराच्या मुठीमागच्या खोबणीत पांढरे ओरखडे.

"मामंजी गाडीवरून बोट फिरवून बघतात," लेक म्हणाली. बारशाला आठ दिवस होते.

"तू एक शब्द बोलू नकोस," मी म्हणालो. व्याह्यांचा राग माझ्यापर्यंत पोचणार नव्हता. तो तिच्याच घरी मुक्काम करणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी गॅरेजला नेली.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने ओरखडे पाहिले. "माझं पॉलिशचं मशीन ताटाएवढं हाय, सर. आरशाखाली शिरत न्हाई. कडेला लागलं तर रंग उडून पत्रा दिसंल. लहान मशीन आणा, पुढचं मी बघतो."

अवजारांच्या दुकानात लहान मशिनं दोन निघाली. दोन्हींचा घासायचा फोम जुन्या रुपयाएवढा. एक जागच्या जागी गरगर फिरायचं, दुसरं फिरता फिरता डुलायचं.

"हे गरगरीत घ्या. लय ताकद हाय," दुकानदार म्हणाला.

ताकदीचं कौतुक ऐकलं की मला धास्ती वाटते. मी माझं काळं हेल्मेट काउंटरवर ठेवलं. "यावर चालवा."

गरगरणाऱ्याने क्षणात हेल्मेटवर करपल्यासारखा डाग पाडला. डुलणारं नुसतंच घासत राहिलं, आणि जोरानं दाबलं तर फिरायचं थांबलं.

"हे दमतंय बघा," दुकानदार ओशाळून म्हणाला.

मला असंच दमणारं हवं होतं. तेच घेतलं.

गॅरेजवाल्याने दुपारभर त्या मशीनने काम केलं. मी शेजारी उभा राहून दर पाच मिनिटांनी वाकत होतो. "सर, तुमी बसा बरं. तुमच्या सावलीत दिसंना झालंय." खोबणीतले ओरखडे गेले. आरशाखालचा एक मात्र राहिला, नख अडकत होतं. "आता थांबायचं. अजून घासलं तर रंगच जाईल," तो म्हणाला. मला आणखी एकदा घासून घ्यायचं होतं. त्याने मशीन बंद करून माझ्या हातात दिलं.

बारशाच्या दिवशी व्याही आले ते आधी गाडीपाशी गेले. बोट बॉनेटवरून, दारावरून सरकत आरशाखाली गेलं आणि थांबलं.

"तार मी बांधली होती," मी म्हणालो. "लेकीचा काही संबंध नाही."

"सूनबाईनं दसऱ्यालाच फोन केला हुता," ते म्हणाले. "म्हणाली, तिनंच बांधली. मी आठ दिवस तिच्यावर चिडून हाय."

दारात लेक बाळाचं टोपडं सारखं करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता तिला काय बोलू?" व्याही म्हणाले.