बारा निळ्या पिशव्या

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. एरवी ह्यांना मी सगळं सांगते — ऑफिसात कोण कोणाशी बोलत नाही, मासळीवालीने आज मला कसं बनवलं, सगळं. पण हे नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भाट्याच्या पुलावर समोरून आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही.

मी चामड्याच्या वस्तू करते. छंद म्हणून हं! नोकरी रत्नागिरीतच, एका सरकारी ऑफिसात. पाकिटं, पट्टे, चष्म्याची घरं, खांद्याला लावायच्या पिशव्या — चाळिशी उलटल्यावर हे खूळ डोक्यात शिरलं. सासूबाई म्हणाल्या, "शी! चामडं? घरात?" — आणि मला अगदी मोठं बंड केल्यासारखं वाटलं. मागच्या पडवीत टेबल टाकलं. ऑफिसात माझं नाव झालं. कोणी निवृत्त होवो, कोणाची बदली होवो, भेट म्हणून पाकीट द्यायचं ते माझ्याच हातचं. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

मग सुजाता आली. देवरूखकडची, बदली होऊन आमच्या ऑफिसात आलेली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. एक दिवस म्हणाली, ताई, मला शिकवाल? मी शिकवलं. हे स्वतःची बाजू भक्कम करायला सांगत नाहीये, पुढचं नीट कळावं म्हणून सांगतेय. रविवारी सकाळी यायची, दुपारी जेवून जायची.

तिच्या घरी हे सोपं नव्हतं. ते बौद्ध. तिच्या सासऱ्यांच्या वडिलांनी गावातली मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं होतं, आणि त्यापायी गावाने त्यांना काय काय भोगायला लावलं, ते सासऱ्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. आता सूनच हौसेने कातडं घरात आणणार म्हटल्यावर ते आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "तू आपल्या मनाने करतेस ना? कोणी करायला लावत नाही ना? मग कर." हे मला सांगताना सुजाताचे डोळे भरले. माझं बंड केवढंसं होतं ते मला त्या वेळी समजलं. आणि समजलेलं आवडलं नाही.

पण ते राहू दे. माझं खरं दुखणं होतं तिच्या हातात.

कातडं भिजवून साच्यावर ताणून बसवायचं आणि तसंच वाळू द्यायचं, मग ते आकार धरतं. मी मुंबईहून लाकडी साचे मागवले होते, चांगले महागातले. सुजाताने काय केलं? घरातली नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर कातडं बसवून सुट्ट्या पैशांचा बटवा केला. गोल गरगरीत. एक चुणी नाही! मला हे करायला लागून तीन वर्षं झाली तरी माझ्या वस्तूंच्या कोपऱ्यांत चुण्या पडत होत्या, अजूनही पडतात. तो बटवा तिने ह्यांना दिला. ह्यांनी मी केलेलं पाकीट कपाटात टाकलं आणि तो बटवा खिशात घालून हिंडायला लागले. वर जेवताना मला म्हणतात, "सुजाताच्या बोटांत काहीतरी आहे गो." मी वाढत होते. आमटी ताटात पडली की ताटाबाहेर, ते काही लक्षात नाही.

मी जळत होते. साधा, स्वच्छ मत्सर. ती रविवारी यायची ती तोंड भरून हसत, मी पोहे पुढे करायची, आणि मनात म्हणायची — हिचं एकदा तरी काहीतरी बिघडू दे. एकदा तरी! असं कोणी आपल्या माणसाबद्दल म्हणतं का? मी म्हणत होते. दर रविवारी.

येते, मुद्द्यावर येते.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या गावच्या विहारात कार्यक्रम असतो. बायका पांढऱ्या साड्या नेसतात. त्या वर्षी सासऱ्यांनीच सुचवलं, की महिला मंडळाच्या बारा जणींना सारख्या पिशव्या कर, निळ्या. ज्या माणसाने आठ दिवस बोलणं टाकलं होतं, तो वाडीत सांगत फिरत होता — आमची सूनबाई करतेय! सुजाता तर हवेत होती. एकेक पिशवी ऑफिसात आणून दाखवायची. सगळी टेबलं सोडून माणसं तिच्याभोवती गोळा. माझ्या टेबलाकडे कोणी बघेना.

आता हे जरा नीट ऐका. तोवर मी तिला फिक्या तपकिरी वस्तूच शिकवल्या होत्या. त्यांना शेवटी मेण चोळलं की भागतं. गडद निळ्याचं तसं नाही. रंग वाळला की कोरड्या फडक्याने घासत राहायचं, फडकं स्वच्छ निघेपर्यंत, आणि मग वरून फिनिशचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पातळ लेपाचे, दोन हात द्यायचे. ते नाही दिले तर कोरड्या बोटाला काही लागत नाही, सगळं छान दिसतं. घाम लागला की मात्र रंग सुटतो. आणि वैशाखातला आमच्याकडचा घाम — तो काय सांगायचा?

सुजाताला हे माहीत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ असतात, पण ती म्हणायची, ताई असताना ते कशाला बघू? चहाच्या वेळेला तिने विचारलं, "ताई, निळ्यावर शेवटी काय लावायचं?"

मी म्हटलं, "काही नाही गो. मेण चोळ, पुरे. वरून काही लावलंस तर रंग मरतो."

एवढंच. बिस्किट चहात बुडवत म्हटलं. तिने आपल्या छोट्या वहीत ते लिहूनसुद्धा घेतलं.

तुम्ही म्हणाल, तोंडातून गेलं असेल, क्षणाची चूक. नाही हो. मध्ये आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत तिने तेरावी पिशवी आणून माझ्या हातात ठेवली — "ही तुमची, गुरुदक्षिणा." ती मी घरी आणली, त्याच संध्याकाळी पडवीत बसून फडक्याने घासली. फडकं निळंभोर झालं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग फिनिशचे दोन हात दिले. फोन शेजारीच पडला होता. माझी पिशवी वाचवायला मी दीड तास खर्च केला, आणि तिच्या बारा वाचवायला एक फोन केला नाही.

पौर्णिमेला काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. दुपारपर्यंत बाराही जणींच्या साड्यांवर कमरेपाशी निळे डाग, पोलक्यांवर खांद्यापाशी पट्टे. सासऱ्यांनी कौतुकाने एक पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून लोकांना दाखवली होती. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत निळं ओघळलेलं. बायका बिचाऱ्या पदराने डाग झाकत राहिल्या. पण मागून कोणीतरी म्हणालंच — सोडलेलं परत हातात धरलं की असंच व्हायचं. सासऱ्यांनी ते ऐकलं. घरी येऊन सदरा स्वतः धुवायला बसले, सुनेला हात लावू दिला नाही. रागाने नव्हे. तिला वाईट वाटू नये म्हणून. "माझंच काहीतरी चुकलं असेल हो ताई," सुजाता मला म्हणाली. मी म्हटलं, होतं गो असं.

हे ऐकून मला काय वाटलं, विचारा ना. हलकं वाटलं. पोटातला दगड निघाल्यासारखं! वाईट वाटलं ते नंतर, बऱ्याच नंतर, आणि तेही तिने माझ्या पिशवीला हात लावल्यावर.

काही दिवसांनी ऑफिसात माझी निळी पिशवी खुर्चीला अडकवलेली होती. सुजाताने बाटलीतल्या पाण्याने आपला पांढरा रुमाल भिजवला आणि पिशवीवर घासला. दोनदा, तीनदा. रुमाल उघडून बघितला. पांढराशुभ्र. मग माझ्याकडे बघितलं. "तुमचा नाही सुटला," म्हणाली.

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हटलं, "कातड्याकातड्यात फरक असतो गो." ती म्हणाली, "असेल." रुमालाची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसली. एकाच कातड्यातून तिने तेराही कापल्या होत्या. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

त्यानंतर तिने कातड्याला हात लावला नाही. रविवारी यायची बंद झाली. भांडली नाही, कोणाला काही सांगितलं नाही. तिने चार लोकांत तमाशा केला असता तर मला सोपं गेलं असतं, पण ते सुख तिने मला दिलं नाही.

गेल्या दिवाळीला मी ऑफिसातल्या सगळ्यांना चष्म्याची घरं करून दिली. सगळे म्हणाले वा, वा. सुजातालाही दिलं. तिने हातात घेऊन उलटसुलट केलं, कडेवरून सावकाश अंगठा फिरवला, आणि एका जागी थांबली. तिथेच माझी कड नीट घोटली गेली नव्हती. करताना तीन दिवसांत जे मला दिसलं नाही, ते तिला एका क्षणात बोटाला लागलं. "छान झालंय," म्हणाली, आणि ठेवून दिलं.

मी तिच्यापुढे उभी होते. क्षमा मागावी असं मनात आलं असतं तर आज मी जरा बरी बाई म्हणून हे सांगितलं असतं. तसं काही आलं नाही. त्या अंगठ्याकडे बघत मला पुन्हा तिचा हेवाच वाटला.