आबांचे कपडे

लग्न होऊन मी दौंडहून केंदूरला आले, तरी शिरूरच्या लॅबमधली नोकरी सोडली नाही. आमची वस्ती गावापासून लांब, चारी बाजूंनी कांदा आणि डाळिंब. सासरे, म्हणजे आबा, फवारणी स्वतःच करायचे. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं. त्या विषाला सगळे औषधच म्हणायचे, मीही.

एका दुपारी आबा फवारणी करून बांधावरून आले ते घामानं निथळत. तोंडाला लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. आम्ही त्यांना गाडीत घालून शिरूरला नेलं. ते वाचले. डॉक्टरांनी मला समजावलं, की नस स्नायूच्या पेशीला निरोप देते आणि काम झालं की रक्तामांसातलं एक द्रव्य तो निरोप पुसून टाकतं. औषध त्या पुसणाऱ्यालाच जखडून ठेवतं. मग पेशीला थांबताच येत नाही.

ते द्रव्य रक्तात मोजता येतं; औषध अंगात जितकं जास्त, तितका आकडा कमी. आबांची तपासणी मीच करायचे. एकदा ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, म्हणून माझंच घेतलं. आकडा कमी आला. माझं काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. तेवढाच.

पंपाला मी कधी हातसुद्धा लावला नव्हता. पण आबांचे फवारणीचे कपडे मीच हातानं धूत होते.

मी हे घरी सांगितलं. शिरूरला खोली घेऊ, असं ह्यांनी सुचवलं; पण गोठ्यातली जनावरं कुणावर सोडायची, यावर बोलणं अडलं. शेवटी आबा म्हणाले, "माझ्या रानात मी आता औषध न्हाई मारायचो, पोरी. पन शेजारच्या रानातनं वारा येतो, त्याला कुठं अडवू?"

त्यांनी शब्द पाळला. त्या वर्षी आमचा निम्मा कांदा किडीनं गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. शेजारी डाळिंबावर पंप चालू झाला की आबा स्वतः उठून खिडक्या लावायचे, फटींत ओली फडकी कोंबायचे. पत्र्याखाली जीव गुदमरायचा. आम्ही दोघं आत बसून पंपाचा आवाज थांबायची वाट बघायचो.

"वास येतोय का?" त्यांनी एकदा विचारलं.

मी नाही म्हणाले. वास येत होता.