हिरवी रिबीन

भूत, करणी, भास... असल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. पण हे काय होतं, ते कोणी सांगितलं तर बरं होईल.

मी अमरावतीला मराठीत पीएचडी करते. विषय — एका नव्या कादंबरीतल्या रोजच्या वस्तू आणि त्यांचे अर्थ. त्या कादंबरीत एक स्टीलचा गिलास आहे. मुलगी पळून जाऊन लग्न करते. ते कळल्यावर बाप तो गिलास भिंतीवर फेकतो, आणि त्यावर कोरलेल्या मुलीच्या नावावरच पोचा पडतो. आई पुढे तो वापरत नाही... पण टाकतही नाही. 'पोचा म्हणजे घराने गिळलेला अपमान,' असं मी लिहिलं होतं.

उन्हाळ्यात अकोल्याला मावशीकडे गेले होते, जुन्या शहरात. दुपारी ती मेथी निवडत होती. मी सहज प्रबंधातलं माझं ते प्रकरण वाचून दाखवलं. मावशीचे हात थांबले.

"तुले हे कोनं सांगतलं?"

"कोनी नाई वं मावशी, पुस्तकातलं हाये."

ती उठली. कपाटात साड्यांच्या खालून तिने एक गिलास काढला. नावावर पोचा. आत गुंडाळलेली हिरवी रिबीन.

"अपमान नोको म्हनू," ती म्हणाली. "लताची रिबीन ठेवाले जागा पायजे होती, म्हनून ठेवला."

लता म्हणजे माझी मावसबहीण. वीसेक वर्षांपूर्वी घर सोडून गेली, एवढंच मला ठाऊक होतं. गिलास फेकणारे तिचे बाबा, म्हणजे माझे काका, आता नाहीत. गिलासाचं मावशीने कोणालाच सांगितलं नव्हतं. लतानेच लेखकाला सांगितलं म्हणावं, तर हे सगळं ती गेल्यानंतरचं!

अमरावतीला आल्यावर लेखकाला फोन केला. ते कोकणातले, अकोला कधी पाहिलेलं नाही, लता नावाचं कोणी ओळखीचं नाही.

"त्या गिलासात काही ठेवलेलं होतं का?" मी विचारलं.

"पहिल्या खर्ड्यात एक रिबीन होती... हिरवी. फार भावुक वाटलं, म्हणून काढली. पण तुम्हाला कसं कळलं?"

मलाच काही कळलेलं नाही — तेव्हाही नाही, आजही नाही. प्रबंधाचं ते प्रकरण तसंच पडून आहे.

मावशीचा मात्र दर रविवारी फोन येतो. "काय वं, त्या पुस्तकातली पोरगी वापस येते काय?"

कादंबरी मी तीनदा वाचली आहे. ती येत नाही.

"शेवट वाचाचा राह्यला अजून, मावशी," मी म्हणते.