चार मिनिटांचा मुलगा

मी माझ्या सासऱ्यांचा नऊ वर्षं जावई होतो आणि चार मिनिटं मुलगा. नऊ वर्षांत जे मला कुणी कळू दिलं नाही, ते त्या चार मिनिटांत कळलं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. भिवापूरला त्यांचा मिरचीचा व्यापार. मी नागपुरात एका शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, आणि फावल्या वेळात (म्हणजे पुष्कळदा तासावरसुद्धा) दुरुस्त्या करणारा. सासुरवाडीला जाताना माझ्या खिशात पेचकस असायचाच. रेडिओ खरखरतो? काढा इकडे! स्टोव्ह भडकतो? आणा इकडे! मी दोन-दोन तास खटपट करायचो. मामाजी शेजारी बसून मुकाट्यानं पाहायचे आणि शेवटी म्हणायचे, "वा जावईबापू! तुमच्या हाताले गुण हाये." पुढच्या खेपेला तोच रेडिओ असा खणखणीत वाजत असायचा, की मला माझाच अभिमान वाटायचा. त्या घरात जावयाला कुणी 'नको' म्हणत नसे. जावई जेवायला बसला तर नको म्हणत नसत, आणि पंखा खोलून बसला तरी नको म्हणत नसत.

मग मामाजी आजारी पडले. धंतोलीतल्या एका लहान दवाखान्यात त्यांना भरती केलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला जिन्याखाली नेलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मुलाला बोलावून घ्या. उशीर करू नका."

मुलगा म्हणजे माझा मेव्हणा मधू. तिकडे राउरकेल्याला, पोलादाच्या कारखान्यात. "मी मिरचीच्या गोदामात शिंकत जन्म काढणार नाही," असं बापाला तोंडावर सांगून तो सहा वर्षांपूर्वी निघून गेला होता. तिकडेच त्यानं लग्न केलं. मामाजी लग्नाला गेले नाहीत, सासूबाईंनाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून बापलेकांत एक अक्षर नाही. मधूचं नाव निघालं की मामाजी उठून गोदामात जायचे आणि पोती मोजत बसायचे.

मी तार केली. मधूची उलट तार आली: आजच्या गाडीनं निघतो, उद्या सकाळी पोचतो, निघण्याआधी आज दुपारी तीनला ट्रंक कॉल लावतो, बाबांना द्या.

मामाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळचा काय भरोसा? मी फोनवर बोलतो पोराशी."

पण फोन होता खाली काउंटरवर आणि मामाजी होते वरच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत, नाकात नळी घालून. डॉक्टर म्हणाले, पेशंटला कुशीवर वळवायचं तरी मला विचारून. माझ्या बायकोनं, सुमननं, पदर डोळ्यांना लावला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अशा वेळी घरातल्या शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं! मी म्हणालो, "फोनच वर आणतो ना!"

त्या दवाखान्यात डॉक्टरांनी कुठून तरी जुनी इंटरकॉमची पेटी आणून बसवली होती. प्रत्येक खोलीत एक यंत्र, काउंटरवर पेटी, तिला तिचा वेगळा रिसीव्हर. खोलीतून सिस्टरशी बोलता यायचं, बस. बाहेरच्या फोनशी तिचा काही संबंध नव्हता. तो संबंध मी जुळवणार होतो! रीतसर अर्ज केला असता तर टेलिफोन खात्याचा माणूस आला असता, पण मामाजींना तेवढा वेळ नव्हता.

डॉक्टर घाईत होते. "करो भाई," ते म्हणाले, "पर मेरी लाइन बंद मत करना."

मी एक फळी घेतली, तिच्यावर एक खटका बसवला. खटका खाली असला की खोली काउंटरशी बोलणार, वर केला की खोली थेट बाहेरच्या लाइनवर. फळीवर खडूनं लिहिलं: वर 'बाहेर', खाली 'आत'. एक वाजता तपासणी झाली. शेजारच्या औषधाच्या दुकानातून फोन करवला, खटका वर केला, आणि वरच्या खोलीत सुमननं त्या दुकानदाराचा आवाज ऐकला! ती धावत जिन्यावर आली. "अहो, लागला!" लग्नानंतर ती माझ्याकडे अशा नजरेनं पहिल्यांदाच पाहत होती.

इथे थांबलो असतो तर ही आठवण लिहिण्याची वेळ आली नसती.

सासूबाई म्हणाल्या, "पूजा केल्याबिगर नवी वस्तू वापरू नये जावईबापू." त्यांच्या घरी नवा तराजू आला तरी हळदकुंकू वाहून नारळ फुटायचा. त्यात प्रसंग असा की देवाचा हात पाठीवर असलेला बरा. मी विज्ञानाचा मास्तर. पाणी आणि वीज यांचं नातं मी दर वर्षी आठवीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरी मी मनोभावे फळीला हळद लावली, खटक्यावर कुंकवाची चिमूट सोडली, पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी सढळ हातानं शिंपडलं. थोडं खटक्यातही गेलं असावं. (थोडं कसलं, अर्धा नारळ गेला!)

"पुन्हा एकदा तपासता का?" काउंटरवरच्या सिस्टरनं विचारलं.

"देवाचं झाल्यावर पुन्हा तपासायचं म्हणजे अविश्वास दाखवणं," मी म्हणालो.

तीन वाजले. सव्वातीन झाले. वर मामाजींनी सासूबाईंना आणि सुमनला खोलीबाहेर काढलं होतं. "मले पोराशी बोलायचं हाये, तुम्ही जा." रिसीव्हर छातीवर धरून ते वाट पाहत होते.

तीन वीसला घंटा वाजली. "राउरकेला लाइनवर आहे, बोला," ऑपरेटर म्हणाली. मग दूर कुठे तरी मधूचा आवाज, "हॅलो! हॅलो, बाबा?"

"थांबा, देतो!" मी ओरडलो, खटका वर केला आणि झोकात बाहेरच्या फोनचा रिसीव्हर खाली ठेवला.

इंटरकॉमच्या रिसीव्हरला कान लावला, दोघांचं सुरळीत चाललंय ना बघावं म्हणून. तिथे फक्त मामाजी होते. कुंकू आणि नारळपाण्याच्या चिखलात खटका नुसता वर गेला होता, आत काही जुळलंच नव्हतं. खोली अजून काउंटरशीच बोलत होती. आणि राउरकेल्याची लाइन मी स्वतःच्या हातानं, खण्णकन ठेवून तोडली होती.

"हॅलो... मधू?"

मी खटका चारदा खालीवर केला, पण लाइन गेली ती गेलीच. पुन्हा ट्रंक कॉल लागायला संध्याकाळ झाली असती, आणि तोवर मधू गाडीत बसलेला असता.

"मधू, बोल ना गा. अजून राग हाये का?"

मी जन्मभर शुद्ध बोलत आलो. 'करून राहिलो' म्हणणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "नाही बाबा. येऊन राहिलो मी."

"आवाज बदलला तुहा."

"लांबचा फोन हाये, बाबा."

मामाजींचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "मीच हट्टी. लग्नाले यायले पाहिजे होतं. तुह्या मायनं नवी साडी काढून ठेवली होती, मीच जाऊ देलं नाही. सून कशी हाये?"

"चांगली हाये," मी म्हणालो. मी तिला पाहिलेलंसुद्धा नव्हतं!

"तिले घिऊन ये. गोदामात बसू नोको, विकून टाक. मले राग नाही आता. मायले तेवढी एकटी ठेवू नोको."

"नाही ठेवत, बाबा."

माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि समोर एक बाई उभी राहून, पेशंटला भेटायची वेळ काय, असं तिसऱ्यांदा विचारत होती.

"अन् एक आखरी गोष्ट, मधू. जावईबापूची."

मी ताठ बसलो. वाटलं, जाता जाता माणूस चार चांगले शब्द बोलणार.

"मनाचा सोन्यावानी हाये. सुमनले जीव लावते. पन त्याच्या हातात पेचकस देऊ नोको."

"नाही देत, बाबा," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

"नऊ वर्षांत चार रेडिओ आनले मी. त्यानं खोलला का उमरेडच्या बाजारातून हुबेहूब तसाच आनाचा अन् त्याच जागी ठेवाचा. स्टोव्ह दोन. पंखा एक. आता तुले करा लागंन, म्हणून सांगून राहिलो. हा फोनबी त्यानंच जोडला म्हन्ते सुमन. लागला कसा, देवच जाने!"

मामाजी हसले, मग खोकले, मग पुन्हा हळूच म्हणाले, "अन् त्याले सांगू नोको गा. वाईट वाटंन त्याले."

"नाही सांगत, बाबा," मी म्हणालो.

त्याच दिवशी दिवेलागणीला मामाजी गेले. चेहरा अगदी शांत होता.

रात्रीच आम्ही त्यांना भिवापूरला नेलं. मधू सकाळी आला, तो निरोप मिळून तसाच तिकडे. अंगणात पाय ठेवताच सासूबाई त्याच्या गळ्यात पडल्या. "तुह्यासंगं बोलले रे बाप्पा! बोलून समाधानानं गेले."

"मी?" मधू म्हणाला. "माझा फोन तर..."

आणि त्याची नजर माझ्यावर पडली. मी सासूबाईंच्या मागे दोन्ही हात जोडून उभा होतो. मेव्हण्यापुढे जावयानं असे हात जोडलेले त्या अंगणात कुणी पाहिले नसतील. मधूनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला.

"हो माय. बोललो."

तेराव्यानंतर तो मला गोदामात घेऊन गेला. "काय म्हणाले बाबा?" मी सगळं सांगितलं. साडीचं, सुनेचं, गोदामाचं, आईचं. तो मिरचीच्या पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. ज्याचे शब्द त्याला पोचवताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, अजूनही वाटतं.

"अजून काही?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

जावयाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, मुलाला सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं. "तरीच! परवा माळ्यावर दिसलं ते," म्हणत मधू शिडी लावून माळ्यावर चढला आणि त्यानं मला वर बोलावलं. तिथे चार रेडिओ ओळीनं मांडलेले होते. त्यांच्यामागे दोन स्टोव्ह, एक पंखा. पोत्यावर कुणाचा माल ते कळावं म्हणून बांधतात तशी प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधलेली, आणि प्रत्येक चिठ्ठीवर मामाजींच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: जावईबापू.

मधू रडता रडता असा हसत सुटला, की खालून सासूबाईंनी विचारलं, "काहून गा, काय झालं?"

"काही नाही माय," मीच ओरडून सांगितलं. "माझा माल पाहून राहिलो!"

त्या दिवसापासून मी पेचकसाला हात लावलेला नाही. घरातला बल्ब गेला तरी मिस्त्री येईपर्यंत अंधारात बसतो. सुमननं कधी कारण विचारलं नाही. तिनं पेढे वाटले नाहीत एवढंच. पण शब्द दिलाय मी. आणि बापाला दिलेला शब्द मुलाला पाळावाच लागतो, मग तो मुलगा चार मिनिटांचा का असेना!