समोरच्या दाराची चौकशी

आमचे हे कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचे. म्हणजे माणसानं कसं वागावं, ते. आणि घरी, दुधात पाणी आहे हे दूधवाल्याला तोंडावर सांगावं की नाही याच्यावर यांचा विचार चालायचा, तोवर तो पुढच्या बिल्डिंगमध्ये पोचलेला असायचा. मला हसू यायचं तेव्हा. कोपरखैरण्यात आम्ही नवे होतो, नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती, आणि माझ्यात अजून हसायचा दम होता.

समोरच्या दारात साताऱ्याकडचं कुटुंब. नवरा मार्केटात माथाडी, बायको घर बघायची, आणि एकच मुलगी. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी ती पोर शाळेतून येताना जिन्यात फिट येऊन पडली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मीच बसले होते. मग औषधं सुरू झाली, फिट यायची थांबली, पुढे डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. मुलगी बारावी झाली, टायपिंग शिकली, वाशीला एका ऑफिसात लागली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आणि तिला कराडकडचं स्थळ आलं. "काकू, बोलायला बरा आहे हो," एवढंच मला सांगून लाजून पळाली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला.

आता लग्न जमवायचं म्हणजे चौकशी आली. गावाकडे मुलाकडची माणसं चार घरी बसतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि हळूच मुलीचं विचारतात. नव्या मुंबईत अशी चार घरं आणायची कुठून? सगळेच कालपरवा आलेले. इथे समोरचं दार हेच गाव. आणि चौकशीला आलेल्याला उत्तर द्यायचं ते ताबडतोब, तोंड भरून. तुम्ही अडखळलात की बोंबललं. हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आमच्या ह्यांना सोडून.

तिची आई येऊन सांगून गेली, "रविवारी पावणं येत्याली. सर चार शब्द बोलले की बास. सरांच्या शब्दाला वजन हाय."

झालं! तेव्हापासून यांचं जेवण गेलं. "त्यांना फिटचं माहीत नसेल तर?"

"अहो, मग समोर जाऊन विचारा की, सांगितलंय का म्हणून."

"असं विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं."

"मग खरं ते सांगा. लहानपणी यायची, आता येत नाही."

"तो सांगण्याचा अधिकार आपला नाही."

"मग गप्प बसा!"

"गप्प बसणं हीसुद्धा एक कृतीच असते," हे म्हणाले, आणि परत पुस्तकात घुसले. देवा रे! एक पुस्तक म्हणे खोटं कधीच बोलू नये, दुसरं म्हणे परिणाम बघावा, तिसरं आणखी काही. प्रश्नाच्या दहा बाजू यांना दिसायच्या. त्या दहांच्या मधोमध एक मुलगी उभी आहे, ती काही दिसायची नाही. शेवटी म्हटलं, मीच जाते समोर. रविवारी सकाळी ओट्यावरचं आवरून निघाले, तर पाहुणेच दारात.

मुलाचा मामा आणि चुलता. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर पाऊसपाण्याचं बोलणं झालं, मार्केटचं झालं. मग मामा म्हणाला, "पोरीची तब्येत कशी हाय आता?"

यांनी चष्मा काढला. आतून ते बघून मी घाईघाईनं चहा गाळायला लागले.

"तब्येत म्हणजे," हे म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय अभिप्रेत आहे?"

अहो, परीक्षेला बसलाय का तो माणूस! मामा चुलत्याकडे बघायला लागला. "न्हाई, बरी असती न्हवं, एवढंच."

"प्रत्यक्ष माहितीशिवाय असं विधान करणं मला उचित वाटत नाही."

मी चहा घेऊन जवळजवळ पळतच आले. "ठणठणीत आहे हो! सोन्यासारखी पोर आहे!" पण आता ते पांघरूण घातल्यासारखं झालं. मामानं दोन घोट घेतले, बिस्किटाला हात लावला नाही, आणि "येतो" म्हणून उठला.

नकार आला. मुलीची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. "सर काय बोलले वो?"

मी जसं घडलं तसं सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "अवो, फीट येत हुती ती आमी पयल्याच बैठकीत सांगितलं हुतं. त्यास्नी चाललं हुतं. आता येत न्हाई, एवढंच शेजाऱ्याच्या तोंडनं ऐकायचं हुतं. सर अडखळले, मग त्यास्नी वाटलं, आजून येतीया. आमीच खोटं ठरलो."

ती गेली. हे आतून म्हणाले, "मी एक शब्दही खोटा बोललो नाही."

"खरा तरी कुठला बोललात?" मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. गेलं तर गेलं. एवढं शिकून माणसाला एक साधं वाक्य बोलता येत नसेल, तर जाळायचंय काय ते शास्त्र? ती पोर पेपर वाचायला आमच्याकडे यायची, ती बंद झाली. जिन्यात भेटली की मान हलवून बाजूनं जायची.

काही महिन्यांनी जिन्यात नवे आवाज आले. दुसरं स्थळ होतं. मी पदराला हात पुसत धावले. या वेळी दार मीच उघडणार होते, बसवणार होते, सगळं सांगणार होते. कडीला हात घातला आणि बाहेर तिच्या आईचा आवाज आला.

"त्या दारात नगा जाऊ, पावणं. तितं प्रोफेसर ऱ्हात्यात. खाली वाण्याला इचारा, त्यो सांगंल."

पावलं खाली उतरत गेली. आत हे सोमवारच्या लेक्चरची तयारी करत बसले होते.

"कोण आलं होतं गं?"

"आपल्याकडे कोणी नाही," मी म्हटलं.