आरोळीवाल्या काकू

"आवडलं तर वरडायचं की! हाताची घडी घालून बसायला काय शाळा हाय व्हय ही?" शेजारच्या खुर्चीवरच्या काकू त्यांच्या मैत्रिणीला दटावत होत्या. मी गुपचूप माझ्या हातांची घडी सोडली.

दर रविवारी रंकाळ्याजवळच्या छोट्या सभागृहात हौशी गायकांचा कार्यक्रम असतो. मी एकटीच जाते आणि कोणाशी बोलत नाही. या काकू मुरगूडहून एसटीने येतात. डोक्यावर पदर, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. गाणं रंगलं की त्या पुडी न विचारता माझ्या हातात देतात, उभ्या राहतात आणि "वन्स मोअर!" अशी आरोळी ठोकतात. मग ते गाणं गाणाऱ्याइतकंच त्यांचंही होतं. इंग्रजी शाळेत शिकूनही हे दोन शब्द मी कधी मोठ्याने उच्चारले नव्हते.

गेल्या रविवारी एक मुलगी पहिल्यांदाच गायली. आधी तिचा आवाज थरथरला, पण अंतऱ्याला असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. लोकांना मात्र पुढच्या नाचऱ्या गाण्याची घाई होती. टाळ्या तुरळक पडल्या. निवेदक माईक घ्यायला आला, तशी ती मान खाली घालून वळली.

काकूंनी पुडी माझ्याकडे दिली आणि त्या उठल्या. पण सर्दीने घसा बसलेला, आवाजच फुटेना. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"तू हाईस की, पोरी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

मी पुडी खुर्चीवर ठेवली आणि उभी राहिले.

"वन्स मोअर!"