मुदतीनंतरच्या पाच कुप्या

शांताताई मेश्राम गेल्या, हे मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पोस्टकार्डावरून कळलं. कार्ड नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यात पोचलं तेव्हा समोर एक पेशंट जीभ बाहेर काढून बसला होता. "ताई मंगळवारी पहाटे गेली. झोपेतच. तुमचा पत्ता तिच्या वहीत होता म्हणून कळवते." एवढंच लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं, आणि जीभ आत घ्या म्हणून त्या बिचाऱ्याला सांगायचं विसरूनच गेलो... या गोष्टीला आता महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी लिहायचं तर त्यात माझीही एक गोष्ट येते, आणि ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही. म्हणून इतके दिवस लागले.

मी डॉक्टर होऊन बाहेर पडलो आणि कळमेश्वरच्या पलीकडे एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात पहिली नेमणूक झाली. सत्तरच्या आगेमागेची ही गोष्ट. दोन खोल्या, एक पडवी, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत रॉकेलवर चालणारा फ्रिज. या मागच्या खोलीच्या मालकीण म्हणजे शांताताई. त्या तिथे औषधनिर्मात्या, म्हणजे फार्मासिस्ट, होत्या. गावात त्यांना 'दवाईवाली बाई' म्हणत. बुटक्या, पांढरी सुती साडी, आणि अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल. वडील नागपूरच्या कापडगिरणीत कामगार. छप्पन साली सगळ्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी थोरल्या मुलीला सांगितलं होतं, आता तू शिकायचं, बाकीचं मी पाहतो. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतून औषधशास्त्राची पदविका घेतलेली ही पहिलीच मुलगी. हे मला त्यांच्याकडून नाही, शिपायाकडून कळलं. स्वतःबद्दल सांगायला त्यांना वेळ नसे. फ्रिजची वात कापायची, सकाळ-संध्याकाळ आतला पारा बघून दाराला टांगलेल्या कार्डावर आकडा लिहायचा, आलेल्या प्रत्येक खोक्यावर मुदत संपायचा महिना लाल पेन्सिलीने मोठा करून लिहायचा, हीच त्यांची पूजा.

पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. मी एका तापाच्या पेशंटला टेट्रासायक्लिन लिहून दिलं. त्या चिठ्ठी घेऊन परत आल्या. म्हणाल्या, मुदत संपून वीस दिवस झाले, देता येत नाही. मी तोऱ्यात म्हटलं, "वीस दिवसांनी काय आकाश कोसळतं? फार तर गुण जरा कमी येईल." त्या शांतपणे म्हणाल्या, "याचा गुण कमी नाही होत, डॉक्टरसाहेब, हे सडलं म्हणजे किडनीवर जाते. परिपत्रक येऊन पडलं आहे कधीचं. तुमच्याच टेबलाच्या खणात आहे." खण उघडला. परिपत्रक होतं. त्यावर माझ्या आधीच्या दोन डॉक्टरांच्या चहाच्या कपांची वर्तुळं होती... त्या दिवसापासून मी शिकायला लागलो. कोणतं औषध जुनं झालं की नुसतं निर्बळ होतं, कोणतं उलटतं, कोणतं उन्हात ठेवलं तर तारखेच्या आधीच मरतं, हे मला कॉलेजात कुणी इतका जीव लावून शिकवलं नव्हतं.

बायकांना समजावून सांगावं तर त्यांनीच. डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली उघडल्यावर महिन्याभरात संपवायची असते. पण अक्षरओळख नसलेल्या बाईला तारीख लिहून देऊन काय उपयोग? शांताताई बाटली तिच्या हातात ठेवून म्हणत, "हे पाय वं, आज अमावस्या. पुढच्या अमावस्येले उरलं असन तं फेकून द्यायचं. जीव नाही अडकवायचा त्याच्यात. समजलं का?" आणि त्या बायका खरंच फेकत. माझ्या डब्यावरही त्यांचं लक्ष असे. एकदा चिवड्याची पुडी उघडली तर त्या लांबूनच म्हणाल्या, "खवट वास येऊन राहिला. घरी सांगा, बरणी उन्हात होती." घरी विचारलं. बरणी खिडकीतच होती.

ती गोष्ट घडली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळे कर्मचारी मारबतीची मिरवणूक बघायला आदल्याच दिवशी नागपूरला गेलेले. दवाखान्यात मी आणि शांताताई. दोन दिवस पाऊस धरून होता आणि कळमेश्वरच्या वाटेवरचा नाला रात्रीपासून दुथडी भरून वाहत होता. अकराच्या सुमाराला चौघांनी एका बाईला खाटेवर घालून आणलं. गिरजा तिचं नाव. ज्वारीत निंदण करताना पायाला नाग चावला होता. मी पाहिलं तेव्हा तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, लाळ गिळता येत नव्हती, आवाज नाकातून येत होता. पुढे काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं. श्वास थांबतो. मी ओरडलो, "बाई, सर्पविषावरचं इंजेक्शन!"

शांताताई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "पाच कुप्या आहेत. मुदत संपून दोन महिने झाले. नवीन मागवल्या, त्या आल्या नाहीत."

त्या पाच कुप्या त्यांनी सुतळीने बांधून खालच्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. नष्ट करायला वरून मंजुरी यायची होती. मी म्हटलं, "मग संपलंच. मुदतीबाहेरचं कसं देणार? तुम्हीच तर मला..."

"ते टेट्रासायक्लिन होतं, साहेब. त्याचं विष होते. याचा जोर कमी होते. किती कमी झाला, ते मले नाही सांगता येत. पण आलं तेव्हापासून हे औषध एक दिवस गरमीत राहिलं नाही. पाऱ्याचं कार्ड आहे दाराले." त्यांनी खाटेकडे पाहिलं. "नाला उतरेपर्यंत ते बाई राहत नाही. तुमालेही दिसून राहिलं."

मला दिसत होतंच. पण माझ्या मनात दुसराच हिशेब चालला होता. नवी नोकरी, चार महिन्यांपूर्वी झालेलं लग्न... उद्या बाई दगावली तर मुदतबाह्य औषध देणारा डॉक्टर म्हणून मीच. शांताताईंनी मग माझी वाट पाहिली नाही. एका कुपीतली पावडर पाण्यात विरघळवली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. किती वेळ पाहत होत्या देव जाणे. "गढूळ नाही. तंतू नाही," म्हणाल्या. मग गिरजाच्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, हे औषध जुनं झालं आहे. नवं नाही. लागू पडन का नाही, सांगता येत नाही. देऊ?"

तो माणूस हात जोडून म्हणाला, "द्या ना बाई. आता काय इचारता?"

सुई मी टोचली. आधी कातडीत थोडं देऊन पाहिलं, मग एकामागून एक पाचही कुप्या शिरेतून सावकाश दिल्या. शांताताई तिच्या उशाशी बसून दर पाच मिनिटांनी श्वास मोजत होत्या. तीन वाजले, चार वाजले. पापण्या तशाच. आणि मग दिवेलागणीच्या जरा आधी गिरजाने डोळे अर्धे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "माही शेळी बांधली का गा कोणी?" तिचा नवरा भिंतीला टेकून हुंदके देऊन रडायला लागला. शांताताई उठून मागच्या खोलीत गेल्या. मी गेलो तर फ्रिजसमोर पेन्सिल हातात धरून उभ्या. संध्याकाळचा पारा लिहायचा होता, पण कार्डावरचा रकाना कोराच होता. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे केली. "तुमी लिहा," त्या म्हणाल्या. मी लिहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सुचवलं, की नोंदवहीत कुप्यांची मुदत लिहायची गरज नाही. कोण बघतंय? बाई तर जगली. शांताताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की अजून आठवलं की मान खाली जाते. "आज मी खोटं लिहिलं तं उद्या कोणीही कोणतंही जुनं औषध कोणालेही देईन, साहेब. अन माह्या वहीतली एकही तारीख खरी राहणार नाही." त्यांनी सगळं लिहिलं. कुप्यांचे क्रमांक, मुदत, नाल्याचा पूर, नवऱ्याला विचारलं तेसुद्धा. शेवटी लिहिलं, "सदर औषध माझ्या सांगण्यावरून देण्यात आले." आणि सही केली. 'माझ्या' नको, 'आम्हां दोघांच्या' लिहा, असं मी तेव्हा म्हणालो, असं मला पुढे किती वर्षं वाटत आलं! पण खरं सांगतो, मी म्हणालो नाही.

चौकशीला वरून साहेब आले. त्यांनी मला विचारलं, "निर्णय कुणाचा होता?" मी वहीकडे पाहून म्हटलं, "नोंदीत लिहिलंय तसं." मला तोंडी समज मिळाली. शांताताईंची बदली पार आलापल्लीकडच्या जंगलातल्या दवाखान्यात झाली. जाताना फ्रिजची वात कशी कापायची ते त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. तिथे त्या सहा वर्षं होत्या. त्यातल्या तिसऱ्या वर्षी नागपूरला त्यांची आई वारली. तारेनं निरोप गेला, पण त्या इंदोऱ्याला पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी सरकारी नोकरी सोडून धरमपेठेत दवाखाना काढला. आणि एका दुपारी शांताताई दारात. नागपुरात बदली होऊन आल्या होत्या. केस पांढरे, पेन्सिल तीच. नमस्कार-चमत्कार नाही, सरळ माझ्या औषधांच्या कपाटापाशी गेल्या आणि कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांतल्या सात बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "या फेका. दुकान मांडलं, पण सवय काही गेली नाही तुमची!" मग दर दोन-तीन महिन्यांनी येऊन कपाट तपासणं हा त्यांचा रिवाजच झाला. माझी बायको त्यांच्यासाठी मुद्दाम भाकरी आणि झुणका करायची. एकदा जेवताना मी धीर करून चौकशीचा विषय काढला. क्षमा मागितली. त्या घास गिळून म्हणाल्या, "तुमी बोलले असते तं दोघांचीही बदली झाली असती. मंग गावाले डॉक्टर कोन राहिला असता?" मला हायसं वाटलं. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला, थोडं पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण बोलाले पाह्यजे होतं."

त्यानंतर तो विषय आम्ही कधी काढला नाही. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा कपाट तपासून झाल्यावर माझ्या मुलीला पाढे म्हणायला लावत बसल्या...

पोस्टकार्ड आल्यावर मी इंदोऱ्याला गेलो. धाकटी बहीण कमल शाळेत शिक्षिका आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शांताताईंचा फोटो. मी कमलताईंना सगळं सांगितलं, की त्या दिवशी सुई माझ्या हातात होती आणि सही मात्र एकट्या तुमच्या ताईची. त्या म्हणाल्या, "माहीत आहे आमाले. आई तं तुमाले जाईपर्यंत शिव्या देत होती. ताई म्हणे, राहू दे वं आई, नवीन पोरगा होता, घाबरला." हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

चहा झाल्यावर त्यांनी आतून एक डबा आणला. शांताताईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. गेल्याच महिन्यात आणलेल्या तीन पट्ट्या न उघडलेल्या. "फेकून देऊ का, डॉक्टरसाहेब?" मी पट्टी खिडकीपाशी नेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. अजून दीड वर्ष बाकी होतं. तसं सांगितलं तर कमलताई म्हणाल्या, "मंग कोनाले तरी द्या. चांगलं औषध वाया गेलं तं ताईले जेवन गोड नव्हतं लागत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे त्याच गोळीवर असलेल्या एक वयस्कर बाई आल्या. मी तीनही पट्ट्या त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी जरा संशयानं उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, "चांगल्या आहेत ना, डॉक्टर?"

"चांगल्या आहेत," मी म्हटलं. "शांताताईंच्या घरच्या आहेत."

शांताताई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण मी ते असं काही म्हटलं असावं, की त्यांनी पुढे काही न विचारता गोळ्या पिशवीत ठेवल्या.